सीआरसी आहे, मग कुलूप कशाला?

प्रश्न : आमच्याकडे सहा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) आणि चार एनर्जी मीटर एकाच आरएस-४८५ सीरियल लाइनवर आहेत. गेटवेमधून (सीरियल लाइन इथरनेटला जोडणारा डबा) ते ऑफिसच्या लॅनला जोडलेत. आता मशीनवाला लांबून सेटिंग करता यावं म्हणून ४जी राउटर बसवायचं म्हणतोय. मॉडबसमध्ये (ही यंत्रं आपसात बोलतात ती भाषा) सीआरसी, म्हणजे निरोप बिघडला का ते तपासणारा आकडा, असते, त्यामुळे धोका नाही, असं त्याचं म्हणणं. खरं का? – मेन्टेनन्स विभाग, भोसरी एमआयडीसी

उत्तर : नाही. सीआरसी तारेवर झालेली चूक पकडते. निरोप कुणी पाठवला, हे तिला कळत नाही. शिवाय इथरनेटवरून आलेल्या निरोपाला सीआरसी तुमचा गेटवेच जोडतो. म्हणजे चोराच्या चिठ्ठीवरही शिक्का घरचाच.

एका रजिस्टरात (ड्राइव्हमधला आकडा ठेवायचा कप्पा) लिहायचा मॉडबस टीसीपी, म्हणजे इथरनेटवरचा मॉडबस, निरोप अवघा १२ बाइटचा. ७ बाइटचं हेडर, त्यातला शेवटचा बाइट ड्राइव्हचा नंबर. मग फंक्शन कोड ०६ (‘लिही’ हा हुकूम), दोन बाइट रजिस्टरचा पत्ता, दोन बाइट आकडा. संपलं. पासवर्डला जागाच नाही. १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने हा प्रोटोकॉल काढला तेव्हा इंटरनेटवरून कुणी येईल हा प्रश्नच नव्हता. टीएलएसवर (ओळख तपासून निरोप कुलूपबंद करणारी पद्धत) चालणारी, ८०२ पोर्टची सुरक्षित आवृत्ती २०१८ ची. जुन्या गेटवेकडून तिची आशा धरू नका. आणखी एक खोच : सीरियल लाइनवर ० पत्त्याला लिहिलेला निरोप सगळे ड्राइव्ह ऐकतात आणि उत्तर कुणीच देत नाही.

आधी ऑफिसच्या संगणकावरून टेलनेटने गेटवेचं ५०२ पोर्ट उघडून पाहा. काळी रिकामी खिडकी आली, की दार सताड उघडं समजा. खिडकी लगेच बंद करा. बऱ्याच गेटवेंना एका वेळी मोजकीच कनेक्शनं झेपतात, नाहीतर एचएमआयवर (ऑपरेटरचा स्क्रीन) कम्युनिकेशन एरर येईल. चालू शिफ्टमध्ये नेटवर्क स्कॅनर (उघडी पोर्ट शोधणारा प्रोग्रॅम) तर अजिबात फिरवू नका. जुने पीएलसी (मशीन चालवणारे कंट्रोलर) त्याने अडकतात.

मग गेटवे वेगळ्या व्हीलॅनमध्ये (लॅनचा स्वतंत्र कप्पा) टाका आणि ५०२ फक्त एचएमआयच्या आयपीला उघडा. मीटर नुसते वाचायचे असतात, म्हणून त्यांच्या पत्त्यांवर ०३ आणि ०४ हे वाचायचे कोड सोडून बाकी कोड बंद करा. साध्या फायरवॉलला कोड दिसत नाहीत, मॉडबस वाचणारी लागते. ड्राइव्हला एचएमआय वेग लिहितो, तिथे लिहिणं बंद करता येणार नाही. म्हणून कमाल फ्रिक्वेन्सी मोटर आणि मशीनला झेपेल तेवढीच ड्राइव्हमध्ये बांधा. पॅरामीटर लॉकवर विसंबू नका. काही ड्राइव्हमध्ये ते फक्त कीपॅडपुरतं असतं, मशीन बंद असताना संगणकावरून लिहून खात्री करा. इमर्जन्सी स्टॉप तारेनेच हवा, मॉडबसवरून नको.

राउटर लावायचाच तर पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट आत येणारं दार) नको, व्हीपीएन (ओळख पटवून उघडणारा खासगी रस्ता) हवं आणि पहिल्या दिवशी फॅक्टरीचा पासवर्ड बदला. त्याचा २४ व्होल्ट सप्लाय पॅनेलवरच्या की-स्विचमधून न्या. मशीनवाल्याचा फोन आला की चालू, काम झालं की बंद. चावी तुमच्याच विभागात राहू द्या.