सुरुवातीला जुळतं, शेवटी सुटतं: ॲनिमेशनमधल्या ओठ-आवाजाचा हिशेब

तुमची अडचण थोडक्यात अशी: मुलांसाठी दोन मिनिटांची मराठी गोष्ट, क्रिटा या चित्र काढण्याच्या प्रोग्राममध्ये सेकंदाला २४ फ्रेमच्या (चित्रांच्या) हिशेबाने काढलेली. आवाज मोबाईलवर घेऊन एमपीथ्री केला आणि पीएनजी चित्रं एका फुकट कन्व्हर्टरने जोडून एमपीफोर केलं. पहिलं वाक्य नीट जुळतं, पण शेवटी चित्र आवाजाच्या जवळजवळ पाच सेकंद आधी संपतं. शिवाय आवाज डब्यातून आल्यासारखा आहे आणि लाल रेघा फिसकटल्या आहेत.

पाच सेकंद हा आकडा तुम्ही मोजून दिलात, त्यामुळे निदान सोपं झालं. दोन मिनिटं गुणिले २४ म्हणजे २८८० चित्रं. हीच चित्रं सेकंदाला २५ या वेगाने दाखवली, तर ती ११५.२ सेकंदांत संपतात. फरक ४.८ सेकंदांचा. म्हणजे तुमची चित्रं २५ ने जोडली गेली आहेत. बरेच फुकट कन्व्हर्टर आतून एफएफएमपेग हा व्हिडिओ जोडण्या-बदलण्याचा प्रोग्राम वापरतात आणि सुट्या चित्रांचा वेग सांगितला नाही तर एफएफएमपेग तो २५ धरतं. चित्रांच्या फायलींमध्ये वेग लिहिलेला नसतो, त्यामुळे चूक झाल्याची सूचनाही येत नाही.

दुरुस्ती एकच: चित्रं पुन्हा जोडा आणि वेग २४ सांगा. आवाज दाबून ११५ सेकंदांत बसवू नका. चार टक्क्यांनी पळवलेला आवाज ऐकणाऱ्याला नेमका खटकतो आणि मूळ चूक तशीच राहते.

असा घोळ पुन्हा झाला तर आधी दोन ठिकाणी मोजा, सुरुवातीला आणि शेवटी. दोन्हीकडे फरक सारखा असेल तर आवाज फक्त पुढे-मागे सरकला आहे. तो ओढून बसवला की काम झालं. फरक वाढत जात असेल तर वेगाचा घोटाळा आहे, आणि कुठला ते आकडाच सांगतो. दोन मिनिटांत फक्त तीन फ्रेम सुटत असतील तर २४ आणि २३.९७६ यांची गल्लत आहे. चित्र ९६ सेकंदांतच संपलं तर ते ३० ने जोडलंय. चित्र बरोबर, पण आवाज १३० सेकंदांपर्यंत लांबला आणि बोलणाऱ्याचा गळा जड झाला, तर ४८ किलोहर्ट्झची फाइल ४४.१ समजून वाजवली जातेय. फरक मध्येच उडी मारत असेल, तर कुठेतरी मोबाईलच्या स्क्रीन रेकॉर्डिंगसारखा कमी-जास्त वेगाचा व्हिडिओ मिसळला आहे. तो आधी ठरावीक वेगात बदलून घ्यावा लागतो.

दोन फसव्या गोष्टीही सांगतो, कारण त्यांच्यापायी लोक जुळलेलं काम पुन्हा बिघडवतात. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने उशिरा पोचतो, म्हणजे तीन-चार फ्रेम. ओठ जुळवताना वायरचाच इयरफोन लावा. दुसरं, टाइमलाइनवर चालवून पाहताना संगणक दमला की चित्र मागे पडतं. ब्लेंडर हा ॲनिमेशनचा प्रोग्राम वापरत असाल तर त्यात ‘प्ले एव्हरी फ्रेम’च्या जागी ‘सिंक टू ऑडिओ’ निवडा, क्रिटामध्ये ‘ड्रॉप फ्रेम्स’ चालू ठेवा. तरीही शंका असेल तर छोटा तुकडा एक्स्पोर्ट करून बघा आणि त्यावरूनच ठरवा.

एमपीथ्री मात्र कामातून काढून टाका. ही फाइल बनताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता आपोआप चिकटते, आणि प्रत्येक वेळी उघडून पुन्हा साठवली की दर्जाही उतरतो. रेकॉर्डिंगपासून शेवटच्या जोडणीपर्यंत वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी, फाइल ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. मिनिटाला जेमतेम साडेआठ एमबी होतात. ४८ अशासाठी की व्हिडिओचं सगळं जग त्याच आकड्यावर चालतं. शिवाय ४८,००० ला २४ ने भागलं की एका फ्रेमला आवाजाचे बरोबर २००० नमुने (सुटी मोजमापं) येतात, कुठे अपूर्णांक उरत नाही.

आता आवाज. डब्यातला आवाज हा माइकचा दोष नाही, खोलीचा आहे. फरशी, उघड्या भिंती आणि काच यांवर आपटून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो, आणि एकदा मिसळला की कुठल्याही फिल्टरने तो नीट वेगळा होत नाही. म्हणून हे रेकॉर्डिंग सुधारत बसू नका, नव्याने घ्या. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसा, समोर दोरीवर रजई किंवा जाड गोधडी टांगा, खाली सतरंजी. माइकला ज्या बाजूचं जास्त ऐकू येतं, म्हणजे बोलणाऱ्याच्या पाठीमागची बाजू, ती मऊ असणं सगळ्यात महत्त्वाचं. पंखा बंद, फ्रिज थोडा वेळ बंद, मोबाईल विमान मोडवर.

माइक तोंडापासून वीतभर, आणि तोंडाच्या अगदी समोर नाही, थोडा बाजूला. मराठीत फ, भ, ख, घ, थ, ध असे श्वासाचे वर्ण भरपूर, त्यातही फ आणि भ यांचा झोत सरळ माइकवर आदळतो. ‘भोपळा’ म्हणताना येणारा तो धप्प आवाज नंतर काढणं कटकटीचं असतं. माइक बाजूला घेतला की झोत शेजारून निघून जातो. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये पोचेल. मीटर शून्याला टेकला की लाटेचं टोक कापलं जातं आणि ते परत मिळत नाही. हळू आलेला आवाज मात्र २४ बिटमध्ये बिनधास्त वाढवता येतो. गोष्टीत आरडाओरडा असेल तर ती वाक्यं पातळी कमी करून वेगळी घ्या.

बोलणं संपल्यावर उठू नका. त्याच जागी अर्धा मिनिट गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. वाक्यांमधल्या जागा याच शांततेने भरायच्या. तिथे निव्वळ शून्य ठेवलं तर दर वाक्यानंतर आवाज तुटल्यासारखा वाटतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, त्याने गाड्यांची घरघर जाते. नॉइज रिडक्शन (खरखर कमी करणारा फिल्टर) हलक्या हाताने वापरा, ६ ते ९ डेसिबल पुरे. जास्त केलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं.

नवीन आवाज आला म्हणजे ओठ पुन्हा बसवावे लागतील, आणि ते वाईट वाटून घेण्यासारखं नाही. तुमच्या नमुन्यात बाकी अभिनय चांगला आहे, पण तोंडं इंग्रजी तक्त्यावरून घेतली आहेत. ती मराठीला बसत नाहीत, आणि का ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

मराठीसाठी आठ तोंडं पुरतात. ओठ मिटलेलं: प, फ, ब, भ, म. मोठं उघडं: आ. अर्धं उघडं: अ. ताणलेलं आणि अरुंद: इ, ई, य. ताणलेलं पण जरा उघडं: ए, ऐ आणि ‘बॅट’मधला ॲ. चंबू: उ, ऊ. मोठा गोल: ओ, औ, ऑ. दात जवळ आलेलं: स, श, च, छ, ज, झ. त, द, न, ट, ड, ल, र यांना अर्धं उघडं तोंड चालतं. जवळून दाखवत असाल तर ‘ल’ला जिभेचं टोक दिसू द्या. क, ख, ग, घ, ह हे घशाकडे उच्चारले जातात, त्यांना स्वतःचं तोंड नाही. ते पुढच्या स्वराचं तोंड आधीच घेऊन बसतात: ‘कुत्रा’च्या क ला चंबू, ‘गाय’च्या ग ला मोठं उघडं. ‘व’साठी खालचा ओठ वरच्या दातांपाशी नेणारं नववं तोंड काढलंत तर उत्तम. ‘फोन’मधला फ बरेच जण तसाच म्हणतात, तेव्हा तिथेही ते चालेल.

अक्षरं बघून तोंड बसवलं की फसगत होते. उच्चार बघा. ‘राम’ लिहिताना शेवटी म आहे, पण त्यातला अ आपण बोलत नाही. ओठ मिटतात आणि पुढच्या शब्दापर्यंत मिटलेलेच राहतात. तिथे अर्धं उघडं तोंड टाकलं की पात्र ‘रामऽ’ म्हणाल्यासारखं दिसतं. अनुस्वाराचंही तसंच: ‘आंबा’, ‘चिंपांझी’ (त्यातला पहिला), ‘कुंभार’ यांत तो म् होतो, म्हणून ओठ मिटलेच पाहिजेत. ‘संत’, ‘अंग’, ‘उंट’ यांत ओठ मिटत नाहीत, मिटवले तर चुकलं. आणि ‘आप्पा’, ‘डब्बा’, ‘धप्पकन’ अशा जोडाक्षरांत मिटलेले ओठ तीन-चार फ्रेम धरून ठेवा. मराठी बोलण्यातला ठसका त्या थांबण्यातच आहे.

मिटलेलं तोंड कधीही एका फ्रेमचं नको. २४ च्या वेगात एक फ्रेम म्हणजे ४२ मिलिसेकंद, डोळ्याला ते पुरेसं नोंदवता येत नाही. किमान दोन फ्रेम द्या आणि जागा नसेल तर आधीच्या स्वरातली एक चोरा. अंगाची हालचाल तुम्ही दोन-दोन फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, अशी काढली आहे. ती तशीच ठेवा, फक्त तोंडाचा थर वेगळा करून हवं तिथे एकेका फ्रेमवर चालवा.

तोंड आवाजाच्या एक फ्रेम आधी बसवा, मिटलेलं तोंड दोन फ्रेम आधी चाललं तरी हरकत नाही. खऱ्या बोलण्यातही ओठ आधी जुळतात आणि मग आवाज फुटतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत हेच आकड्यांत दिसतं: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लोकांना कळायला लागतं, पण मागे राहिला तर साधारण १२५ पर्यंत कळत नाही. म्हणून अडलंच तर चूक त्या बाजूला होऊ द्या.

लाल रेघांचं कारण वेगळं आहे. नेहमीच्या एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) व्हिडिओत उजेड-अंधार पूर्ण १९२० बाय १०८० मध्ये साठवतात, रंग मात्र ९६० बाय ५४० मध्येच. तुमची दोन पिक्सेलची लाल रेघ हिरव्या झाडावर आहे आणि दोघांचा गडदपणा जवळपास सारखा. त्यामुळे रेघेला वेगळं ठेवणारी माहिती फक्त रंगात उरते, आणि ती आडवी-उभी दोन्हीकडे निम्मी, म्हणजे एकूण पावच साठते. रेघ चार पिक्सेलची करा किंवा तिचा लाल बराच गडद करा. पूर्ण रंग साठवणारा पर्याय निवडू नका, बऱ्याच मोबाईलवर तो चालतच नाही.

एक्स्पोर्ट: मूळ पीएनजी चित्रं जपून ठेवा. १४०० व्या फ्रेमवर संगणक बंद पडला तरी पुढून सुरू करता येतं. त्यावरून एमपीफोर, एच.२६४, २४ फ्रेम, सेकंदाला आठ मेगाबिट. दोन मिनिटांना सुमारे १२० एमबी. आवाज एएसी प्रकारात, सेकंदाला १९२ किलोबिट, तो तीन एमबीही होत नाही, तेव्हा जागा वाचवायला आवाज दाबण्यात अर्थ नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबलं जातं. जिफ टाळा. त्यात आवाज नाही, २५६ च रंग, आणि वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजतात, त्यामुळे २४ चा वेग त्यात बसतच नाही.

नव्याने जोडण्याआधी एक काम करा. गोष्ट सुरू होण्याच्या ४८ फ्रेम आधी एकच पांढरी फ्रेम ठेवा आणि नेमक्या त्याच फ्रेमवर एका फ्रेमचा एक किलोहर्ट्झचा ‘टीं’ आवाज. तशीच जोडी गोष्ट संपल्यावर ४८ फ्रेमनी. एक्स्पोर्ट झालेली फाइल एडिटरमध्ये उघडून दोन्हीकडे चमक आणि टीं एकाच फ्रेमवर आहेत का बघा. असतील तर मधलं सगळं जागेवर आहे. मग या दोन जोड्या कापून शेवटची प्रत काढा.