आधी झाड की आधी कुंडी? वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांमध्ये बोन्सायच्या कुंड्यांचेच प्रश्न जास्त आलेत, म्हणून खतं, कीड वगैरे पुढच्या अंकात. लांब पत्रं थोडी आटोपशीर केलीयत.

प्रदर्शनातून हाताने घडवलेली एक कुंडी घेतली. गडद निळं चकचकीत ग्लेझ, गोल पोट, काठ आत वळलेला. माझ्याकडे दीड फूट उंचीचा वड आहे, छान पसरलाय, बुंधा दोन इंच. त्यात लावू का? – एक वाचक, गुहागर

ताई, नका लावू. कुंडी सुंदर असणार यात शंकाच नाही, पण ती वडाची नाही.

पहिलं कारण काठ. आत वळलेल्या काठाच्या कुंडीत वडाची मुळं दोन पावसाळ्यांत पोटभर पसरतात आणि मग मुळांचा गोळा तोंडापेक्षा मोठा होतो, बाहेर काढायचा तर एकतर मुळं कापा नाहीतर कुंडी फोडा. माझी एक राखाडी कुंडी अशीच गेली, नांदरुकीने आतून ढकलून तिला उभी चीर पाडली. ती कुंडी मला परत मिळालेली नाही आणि तसं ग्लेझही पुन्हा दिसलं नाही, त्यामुळे हे मी फार कळकळीने सांगतेय. वड, पिंपळ, उंबर, नांदरुकी यांना काठ सरळ किंवा बाहेर झुकलेलाच हवा.

दुसरं म्हणजे आकार. ढोबळ हिशोब असा की ट्रेची, म्हणजे बोन्सायच्या उथळ, पसरट कुंडीची, लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीइतकी. झाड उंचीपेक्षा रुंदीला जास्त असेल तर उंचीऐवजी पसारा धरायचा. तुमचं झाड 18 इंच, म्हणजे 12 इंचाचा ट्रे, खोली दोन इंच. वडाची सगळी शान आडवी असते, जमिनीला धरून पसरलेली मुळं, पारंब्या, तो पसारा. त्याखाली गोल पोटाची कुंडी ठेवली की झाड घागरीवर बसल्यासारखं दिसतं. लांबट अंडाकृती ट्रे घ्या, बिनग्लेझचा तपकिरी किंवा अगदी मंद राखाडी-निळा, वडाच्या सालीचा राखाडी रंग त्यावर उठून दिसतो.

निळ्या कुंडीसाठी मात्र मनात एक झाड आहे, कामिनी, म्हणजे कुंती. पांढरी फुलं, नंतर लाल फळं, खाली गडद निळं! मुळं वडासारखी दांडगाई करत नाहीत, तरी दर दोन वर्षांनी रिपॉटिंग करा आणि मुळांचा गोळा करवतीने काठाच्या आतून कापून काढा. पेंटगुळीची लाल फुलंही निळ्यावर शोभतील. फक्त जांभळट बोगनवेल नको, ती निळ्यावर विझून जाते, तिला क्रीम किंवा फिकट आकाशी.

आमच्या गावच्या कुंभारकाकांकडून ट्रे करून घेतले तर चालतील का? मित्र म्हणतो टेराकोटा बोन्सायला चालतच नाही. शिवाय माझ्या कुंड्यांवर पांढरा थर येतो. – एक वाचक, मालवण

चालतील, आणि करून घ्याच. मित्राचं म्हणणं जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो तिथलं आहे. मातीच्या भिंतीत मुरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि कुंडीचे पापुद्रे निघतात, म्हणून तिकडे स्टोनवेअरच वापरतात, साधारण 1200 अंशांच्या वर भाजलेलं, जे पाणी जवळजवळ पीत नाही. मालवणात पाणी कधी गोठणार? आपल्याकडे टेराकोटाचे प्रश्न वेगळे. गावच्या आव्यात साधारण 700 ते 900 अंशच मिळतात, म्हणून भिंत सच्छिद्र राहते, पावसात शेवाळ धरते आणि एप्रिल-मेमध्ये उथळ ट्रे दुपारपर्यंत कोरडा पडतो, दोनदा पाणी लागतं. पण भिंतीतून पाणी उडतं तेव्हा मुळं गार राहतात हेही खरं.

घरी तपासून बघा. कुंडी कडक उन्हात तीन दिवस वाळवा, किचनच्या काट्यावर वजन करा, एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, वरून पुसून परत वजन. एक किलोची कुंडी 1020-1030 ग्रॅम झाली तर उत्तम भाजलीय. 1100 च्या पुढे गेली तर टेराकोटा, मग दुकानदार तिला काहीही म्हणो.

कुंभारकाकांना सांगताना तयार झाल्यावरचं आतलं माप सांगा. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, किती ते त्यांना त्यांच्या मातीचं बरोबर माहीत असतं. स्टोनवेअरच्या मातीत 12 टक्के धरलं तर 12 इंचाच्या ट्रेसाठी ओला ट्रे साडेतेरा इंचांच्या वर घडवावा लागतो. भोकं अंगठा जाईल एवढी, किमान दोन, आणि भोकाभोवती आतून उंचवटा अजिबात नको, तिथे पाणी साचतं. झाड बांधायला तारेची बारीक भोकं. पाय निदान अर्धा इंच. ही चार वाक्यं त्यांच्यासमोर बसून, कागदावर चित्र काढून सांगा, पहिला ट्रे बिघडला तरी त्याचे पैसे द्या. लांबट किंवा चौकोनी ट्रे थेट चाकावर निघत नाही, पाट्या लाटून जोडाव्या लागतात आणि वाळताना कोपरे वर उचलतात, ते काम शिकायला त्यांनाही वेळ हवा.

पांढरा थर म्हणजे क्षार. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी खारट असेल तर भिंतीतून पाणी उडून जातं आणि मीठ, चुना बाहेर राहतो. पावसाचं पाणी साठवून वापरा. थर काढायला व्हिनेगर निम्मं पाणी घालून काथ्याने घासा, कुंडी रिकामी असतानाच. आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं.

पावसाळ्यात उथळ ट्रेमधून पाणी लवकर निघून जाईल ना? तरी माझं करवंद दरवर्षी जुलैत पिवळं पडतं. – एक वाचक, दापोली

उलट आहे. कुठल्याही कुंडीत तळाशी थोडा थर ओलाच राहतो आणि मातीचं मिश्रण तेच असेल तर त्या थराची उंची कुंडी खोल असो की उथळ, तेवढीच असते. समजा तो एक इंच आहे. सहा इंची कुंडीत मुळांना पाच इंच कोरडी जागा उरते, दीड इंची ट्रेमध्ये अर्धा इंच! कोकणच्या पावसात करवंद त्यात गुदमरणारच. जून ते सप्टेंबर ट्रेच्या एका बाजूखाली जांभ्याचा तुकडा सरकवून तो तिरका ठेवा, पाणी एका कडेला उतरून भोकातून जातं. मिश्रणात चाळलेला विटांचा चुरा वाढवा, बारीक धूळ पूर्ण काढून टाका. पुढच्या रिपॉटिंगला करवंदाला अडीच-तीन इंच खोल कुंडी द्या, नियम काहीही म्हणू दे.

माझ्याकडे अकरा रिकाम्या कुंड्या जमल्यात, झाडं चारच. घरचे म्हणतात बंद कर. आता एक तोकोनामेची कुंडी घ्यावी असं वाटतंय, घेऊ का? – एक वाचक, रत्नागिरी

बंद करू नका दादा, पण तोकोनामेच्या आधी थोडं थांबा.

तोकोनामे हे जपानच्या आइची प्रांतातलं शहर, जपानमधल्या सहा पुरातन भट्टी-परंपरांपैकी एक, आणि बोन्सायच्या कुंड्यांसाठी आज सगळ्यात नावाजलेलं. चीनमध्ये यीशिंगची जांभळट माती तशीच प्रसिद्ध, चहाच्या किटल्या त्याच मातीच्या. क्योतोच्या हेआन तोफुकुजीने (1890–1970) आयुष्यभर छोट्या कुंड्यांवर ग्लेझचे प्रयोग केले, आज संग्राहक त्या जपून ठेवतात. आपल्याकडे पुद्दुचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, भारतातल्या स्टुडिओ स्टोनवेअरमागे तिचं मोठं योगदान आहे. म्हणजे चांगल्या कुंडीसाठी जपानच गाठायला हवं असं नाही.

तळाचा शिक्का बघून कुंडी घेऊ नका, शिक्का कोणीही उठवू शकतो. उलटी करा, पाय नीट कापलेत का, तळ सपाट आहे का, ग्लेझ आतल्या बाजूला तर नाही ना (आतून बिनग्लेझच हवी), टिचकी मारल्यावर आवाज खणखणीत येतो की बद्द. बद्द आला तर कुठेतरी चीर आहे किंवा भाजणी कमी आहे.

आणि त्या अकरांपैकी प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी लावा: माप, आणि कुठल्या झाडासाठी. समुद्राकडेच्या सुरूला बिनग्लेझची, खडबडीत, गडद; चिंचेला तशीच पण थोडी खोल. ज्या कुंडीवर झाडाचं नाव लिहिता येत नाही ती कुणाला तरी देऊन टाका, तिला जे झाड हवंय ते कदाचित त्यांच्याकडे असेल. ज्यांच्यावर नाव लिहिता आलं त्यांच्यासाठी झाड घडवायला घ्या, मात्र खोड जाड होईपर्यंत साध्या मोठ्या कुंडीत किंवा जमिनीतच, पाच-सात वर्षं. तोवर रिकामी कुंडी फळीवर, दिसेल अशी. माझ्याकडे एक हिरवट कुंडी सहा वर्षं अशीच होती, गेल्या जूनमध्ये तिच्यात बकुळ गेली.