रविवारी घरात थांबू नकोस

*‘ताई, सतरा दिवसांपूर्वी कुंभार्ली घाटात आमची गाडी घसरून कठड्यावर आदळली. दिरांचा पाय मोडला. मी आणि मुलगा मागे होतो, आम्हाला खरचटलंही नाही. पण दार अडकल्यामुळे पाऊण तास आतच होतो. आता पेट्रोलचा वास आला की हात कापतात. रात्री दचकून उठते, मुलावर उगाच ओरडते. रविवारी रात्री तर फारच होतं, का ते कळत नाही. सुट्टीला भेटायला माणसं येतात, सासूबाई मलाच सगळं सांगायला लावतात, आता तर पाठ झालंय. शेजारच्या काकूंनी झोपेच्या गोळ्या दिल्यात, घेऊ का? मला वेड तर लागत नाहीये ना?’ (वय ३४, कऱ्हाड)*

वेडबिड काही लागत नाहीये. गोळ्या काकूंना परत दे. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घेऊच नये, आणि अशा प्रसंगानंतर पहिल्या महिन्यात डायझेपामच्या जातीच्या, म्हणजे झोप आणणाऱ्या-शांत करणाऱ्या गोळ्या ताणावर देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ सालीच सांगितलंय.

आता मुद्द्याचं. ‘रविवारी फारच होतं’ आणि ‘सुट्टीला माणसं येतात’ ही दोन वाक्यं तू शेजारी शेजारी लिहिलीस, आणि तरी विचारतेस, का ते कळत नाही?

पाठ झालंय म्हणे! अगं, ती काय कविता आहे? लोक येतात, शहाळं-बिस्किटं टीपॉयवर ठेवतात, प्लास्टरकडे दोन मिनिटं बघतात आणि मग येतं ते ‘पण नेमकं झालं कसं?’ तू चहाचा ट्रे खाली ठेवतेस आणि पुन्हा त्या गाडीत जाऊन बसतेस. ते वळण, तो आवाज, ते न उघडणारं दार. पाहुणे ‘अरे बापरे’ म्हणून चहा संपवतात नि घरी जातात. तू मात्र रात्री तीनपर्यंत आतच.

पूर्वी तज्ज्ञांनाही वाटायचं, की लगेच सगळं वदवून घेतलं की माणूस मोकळा होतो. तपासून पाहिलं तेव्हा तसं दिसलं नाही. काहींचा त्रास उलट वाढला. आता मानसिक प्रथमोपचार शिकवताना बजावतात, की समोरच्याला बोलायला भाग पाडू नका. सासूबाईंचा हेतू वाईट नसेलही, पण मला त्याचं कौतुक नाही. आणि तुझा नवरा या सगळ्या पत्रात कुठे आहे, हाही प्रश्न मला पडलाच.

सांगायचंच नाही असं नव्हे. तुला वाटेल तेव्हा, तू निवडलेल्या एकाच माणसाला सांग. नको झालं तर अर्ध्यावर थांब. हात कापणं, दचकणं हे बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप उतरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. मध्येच एखादी रात्र निघेना झाली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास.

पण आधी येत्या रविवारी घरात थांबू नकोस. सकाळी मुलाला घे आणि चालत प्रीतिसंगमावर जा, भेळ खा, मैत्रिणीकडे जेव, दिवेलागणीला परत ये. कुणाची परवानगी मागू नकोस, फक्त सांगून नीघ. चहा सासूबाई टाकतील. अपघाताची गोष्टही त्याच सांगतील. त्या गाडीत नव्हत्या, त्यांना रात्री झोप लागेल.