प्रादेशिक विमान कंपनीत नवी विमानं येणार अशी चर्चा आहे. कॅप्टन होण्यासाठी थांबावं का?

नुसत्या चर्चेवर थांबू नका. आधी एवढं शोधा: ही विमानं जुन्यांच्या जागी येतायत की ताफ्यात भर म्हणून? दहा आली आणि दहा गेली, तर कॅप्टनच्या जागा होत्या तेवढ्याच. खरी भर पडली तर प्रत्येक विमानामागे साधारण चार-पाच कॅप्टन लागतात आणि सीनियॉरिटीची यादी, म्हणजे आधी रुजू झालेल्याला आधी बढती हा क्रम, भराभर सरकते. पक्की ऑर्डर आणि 'ऑप्शन' यांतही जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑप्शन म्हणजे फक्त घेण्याचा हक्क.

अमेरिकेत आणखी एक अडसर असतो, तो बरेच जण विसरतात: मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक करारांतलं स्कोप कलम, म्हणजे त्यांच्यासाठी उडणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांच्या विमानांवर मर्यादा घालणारं कलम. त्यात प्रादेशिक जेटला साधारणपणे ७६ आसनं आणि ८६,००० पौंड वजनाची मर्यादा असते. एम्ब्रेअर या विमान बनवणाऱ्या कंपनीचं नवं ई१७५-ई२ या वजनात बसत नाही, म्हणून तिथे अजूनही आधीचं ई१७५च घेतलं जातं.

कॅप्टनची जागा वर्षभरात दिसत असेल तर मी थांबेन. कमांडचे, म्हणजे कॅप्टन म्हणून उडवलेले तास पुढे कुठेही मोजले जातात, आणि कंपनी बदलली की यादीत पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते.