नातवंडांची शाळा शिडाच्या बोटीवर

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका आजींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा आणि सून नेदरलँड्समध्ये नोकरी करतात. त्यांनी चाळीस फुटी जुनी शिडाची बोट विकत घेतली असून, येत्या उन्हाळ्यात नोकऱ्या सोडून, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा यांना घेऊन ते दोन वर्षे समुद्रावर राहणार आहेत. मुलांना बोटीवरच शिकवायचे आणि नंतर कायमचे वडोदऱ्याला परतायचे, असा बेत आहे. ‘नातवाचे एक वेळ निभावेल, पण नातीला तरी माझ्याकडे ठेवा आणि इथल्या शाळेत घाला, असा हट्ट मी धरावा का?’ असे आजी विचारतात.

आजी, सप्रेम नमस्कार.

हा हट्ट धरू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. धाकटा भाऊ आईवडिलांबरोबर बोटीवर आणि आपण एकटीच मागे, हे अकरा वर्षांच्या मुलीला शिक्षणाची सोय म्हणून नव्हे, तर शिक्षा म्हणूनच जाणवेल. मात्र तुमची काळजी अनाठायी आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध बडोदे संस्थानात लागू केला. त्या संस्थानात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या घरातल्या बाईला मुलांची शाळा सुटण्याची धास्ती वाटावी, हे स्वाभाविकच आहे. पण त्याच १९०६ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने घरी शिकणाऱ्या मुलांसाठी टपालाने पाठ पाठवायला सुरुवात केली आणि पुढे शिडाच्या बोटींवर राहणाऱ्या अनेक कुटुंबांनी तेच पाठ वापरले. फ्रान्समध्ये अशा मुलांसाठी १९३९ पासून सरकारी दूरशिक्षण संस्था आहे. तेव्हा तुमचा मुलगा काही जगावेगळे करत नाही. तो ते किती नीटपणे करतो, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून त्याला ‘शाळेचे काय?’ असे मोघम विचारू नका, नेमके विचारा. नेदरलँड्समध्ये पाच ते सोळा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची आहे. लॉरा डेकर या डच मुलीने एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करायचे ठरवले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि तिच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न तिथेही निघाला. दूरशिक्षणाची व्यवस्था करून तिने २०१२ च्या जानेवारीत, सोळाव्या वर्षी, ती सफर पुरी केली. निघण्यापूर्वी तिथल्या नगरपालिकेत आणि शाळेत मुलांची नावे रीतसर कमी करून घेतली का, हे मुलाला विचाराच. परतल्यावरची वाट मात्र तुम्हाला वाटते तितकी बंद नाही. आपल्याकडच्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत चौदाव्या वर्षापासून दहावीची परीक्षा देता येते. तुमची नात परतेल तेव्हा तेरा वर्षांची असेल.

बोटीवरच्या अभ्यासाचे एक उदाहरण देते. एक सागरी मैल म्हणजे अक्षांशाचे एक मिनिट, साधारण १८५२ मीटर. साठ मैलांचा एक अंश. बोट ताशी पाच मैल चालली, तर दिवसाला १२० मैल होतात. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत सुमारे २७०० मैल धरले, तर किती दिवस लागतील आणि माणशी किती पाणी भरून घ्यावे लागेल? हा भागाकार जी मुलगी स्वतः करते आणि रोज दुपारी नकाशावर पेन्सिलीने खूण करून आपले उत्तर पडताळून पाहते, तिला अक्षांश कधी पाठ करावे लागणार नाहीत. याला मी खरे शिक्षण मानते.

पण एवढ्यावर भागत नाही, हेही तितकेच खरे. बीजगणित लाटांवर आपोआप येत नाही. त्याला रोजचा सराव लागतो. भर समुद्रात बोट डोलत असताना पुस्तकात डोके घातले की अनेकांना मळमळते, म्हणून लिहिण्यावाचण्याचा अभ्यास बहुधा नांगर टाकलेला असताना, सकाळच्या दोन-तीन तासांत उरकावा लागतो. नेमक्या त्याच वेळी इंजिनाची दुरुस्ती, पाणी, बाजारहाट आणि बंदरातले कागदपत्र ही कामेही उभी असतात. अशा वेळी शिकवण्याचा भार सहसा आईवर पडतो, आणि ती थकली की पहिला बळी अभ्यासाचा जातो. गणित-विज्ञान कोण घेणार आणि भाषा कोण, हे मुलाने स्वतःच्या हाताने लिहून तुम्हाला दाखवावे, असा आग्रह जरूर धरा. सून तुमच्यापाशी हे बोलणार नाही. तुम्ही बोललात तर तिला मोठा आधार वाटेल.

समुद्राची भीती वाटू नये, असे मी तुम्हाला सांगू शकत नाही. मुलांना लाइफजॅकेट घातल्याशिवाय आणि बोटीला अडकवायचा पट्टा लावल्याशिवाय डेकवर येऊ द्यायचे नाही, हा नियम त्यांच्याकडे आहे का, तो रात्री आणि शांत समुद्रातही पाळला जाणार का, एवढे विचारून घ्या.

आता तुमच्या वाट्याचे काम. दोन वर्षांनी ही मुले वडोदऱ्यात राहायला येणार असतील, तर त्यांचे मराठी कोणी सांभाळायचे? हा विषय तुम्ही मागून घ्या. बालभारतीची मराठीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यांतले धडे आणि तुमच्या आवडीच्या गोष्टी तुमच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून बोट निघण्यापूर्वीच पाठवून ठेवा, कारण महासागर ओलांडताना तीन आठवडे नेटवर्क मिळेलच असे नाही. गोष्टी ऐकताना मळमळही कमी होते. थोडी छापील पुस्तकेही द्या, मात्र खारट दमट हवेत कागद टिकत नाही, म्हणून ती घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत भरा. महाराजांच्या काळात गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरत असत. तुमची एक पेटी समुद्रावर फिरेल. प्रत्येक बंदरातून नातीने हाताने लिहिलेले एक मराठी पत्र पाठवावे, असे तिच्याशी ठरवा आणि आलेल्या पत्रातले ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करत बसू नका, उत्तर लिहा.

शेवटी, नातीशी एकटीशी बोला. तिच्या मैत्रिणी सुटणार आहेत, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी समवयस्कांची उणीव आईवडील भरून काढू शकत नाहीत. पहिले वर्ष संपताच तिला विचारले जाईल आणि तिला शाळा हवी असेल तर तिचे ऐकले जाईल, हे मुलाकडून आताच कबूल करून घ्या. तेव्हा ती ‘हो, मला शाळेत जायचे आहे’ म्हणाली, तर वडोदऱ्याचा विषय अवश्य काढा. मात्र तशी वेळ आली तर तिच्या आईनेही तिच्याबरोबर यावे, हेही त्याच बोलण्यात ठरवून ठेवा.