आधी पाय बघा : वेस्टर्नमधल्या घोड्यांविषयी वाचकांची पत्रं

मागच्या अंकात जुन्या अमेरिकन वेस्टर्नमधल्या, म्हणजे काउबॉयपटांमधल्या, घोड्यांवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीगच येऊन पडला. माझी निम्मी हयात घोड्यांचे खूर उचलून बघण्यात गेली. त्यामुळे पडद्यावरही माझी नजर आधी पायांकडे जाते, मग तोंडाकडे आणि स्वाराकडे सगळ्यात शेवटी. खालची उत्तरं त्याच नजरेने दिलेली आहेत. नटांच्या चाहत्यांनी राग मानू नये.

डॉक्टर, काउबॉय नायक रॉय रॉजर्सचा ट्रिगर हा एकच घोडा होता की अनेक? यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत.

तट मोडायची गरज नाही, दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे. मूळ ट्रिगर एकच. पण ‘ट्रिगर’ म्हणून पडद्यावर वावरलेले घोडे अनेक.

मूळ घोड्याचं नाव होतं गोल्डन क्लाउड. स्टुडिओंना भाड्याने घोडे पुरवणाऱ्या हडकिन्स यांच्या तबेल्यातला हा घोडा. १९३८ सालच्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलँड ज्या सोनेरी घोड्यावर बसून येते, तो हाच. त्याच वर्षी रॉजर्सना ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’मध्ये नायकाचं काम मिळालं आणि हा घोडा त्यांच्या मांडीखाली आला. पुढे १९४३ मध्ये रॉजर्सनी तो अडीच हजार डॉलर मोजून विकत घेतला. त्या काळी ही रक्कम काही चेष्टा नव्हती.

आता ओळखायचा कसा? पाय बघा. मूळ ट्रिगरचा फक्त मागचा डावा पाय पांढरा आहे, बाकीचे तिन्ही अंगाच्याच रंगाचे. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, म्हणजे जुने लोक ज्याला पंचकल्याणी म्हणत तसा घोडा दिसला, की समजा हा लिटल ट्रिगर. गुडघे टेकणं, मागच्या पायांवर चालणं, लोकांत जाऊन कसरती दाखवणं ही कामं बहुतेक याच्याकडे असत. १९५२ च्या ‘सन ऑफ पेलफेस’मध्ये बॉब होपबरोबर एकाच पलंगावर झोपून पांघरुणाची ओढाओढ करणारा बहाद्दर हाच. मूळ ट्रिगरची कमाई वेगळी होती : भरधाव पळणं, नेमक्या जागी थांबणं आणि जवळून चित्रण करताना पापणी मिटू नये असं वाटेल इतकं सुंदर दिसणं. दोघांनाही तयार केलं ते ग्लेन रँडल या चाबुकस्वाराने, आणि माझ्या मते श्रेयनामावलीत त्याचं नाव रॉजर्सच्या शेजारी यायला हवं होतं.

ट्रिगर ज्युनिअर हा तिसरा. नावावरून तो मुलगा वाटतो, पण रक्ताचं नातं काही नाही. मूळ ट्रिगर खच्ची केलेला नव्हता, तरी त्याच्यापासून एकही शिंगरू झालं नाही. चित्रणाचं काम करणाऱ्या नराला घोडीची चटक लागली की तो हाताबाहेर जातो. सोनेरी रंगाच्या हौशी लोकांचं तसंही फार बिघडलं नाही, कारण हा रंग वंशाने हमखास उतरत नाही. सोनेरी घोडा आणि सोनेरी घोडी यांच्या पिल्लांत सरासरीने निम्मीच सोनेरी निघतात. बाकीच्यांतली अर्धी तांबूस आणि अर्धी दुधासारखी फिकट, निळ्या डोळ्यांची.

ट्रिगर मेल्यावर त्याच्यात पेंढा भरून ठेवला हे खरं का? ऐकून कसंसंच झालं.

खरं आहे, फक्त पेंढा नव्हे. आकाराचा साचा बनवून त्यावर खरं कातडं चढवतात. ट्रिगर १९६५ मध्ये मेला, तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. घोड्याच्या हिशोबात हे पिकलं पान. रॉजर्सना त्याला जमिनीत पुरणं सोसेना. मागच्या दोन पायांवर उभा असलेला ट्रिगर त्यांच्या संग्रहालयात कितीतरी वर्षं लोकांनी पाहिला. संग्रहालय कॅलिफोर्नियातून मिझुरीतल्या ब्रॅन्सनला गेलं आणि तिथे २००९ च्या अखेरीस बंद पडलं. २०१० मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ट्रिगरला २,६६,५०० डॉलर आले. नेब्रास्कातल्या एका ग्रामीण दूरचित्रवाणी वाहिनीने त्याला घेतलं. रॉजर्सचा बुलेट हा तसाच जतन केलेला कुत्रासुद्धा तिकडेच गेला, त्यामुळे जोडी फुटली नाही.

तुम्हाला कसंसं झालं, मला तितकं होत नाही. मात्र जिवंत घोडा मागच्या पायांवर उभा राहतो तो क्षणभर. त्याला कायमचं तसंच उभं करून ठेवलंय, ते बघून माझे स्वतःचेच गुडघे दुखायला लागतात.

वेस्टर्नमधला पहिला ‘स्टार’ घोडा कोणता? मी टोनी म्हणतो.

मूकपटांतल्या टॉम मिक्सचा टोनी नक्कीच जास्त गाजला. १९२७ मध्ये हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरच्या अंगणात मिक्सबरोबर त्याच्याही खुरांचे ठसे उमटले. पुढे तो मान ट्रिगर आणि जीन ऑट्रीचा चँपियन या दोघांनाच मिळाला. पण टोनीच्या आधी मूकपटांचेच नायक विल्यम एस. हार्ट यांचा फ्रिट्झ होऊन गेला. हा अबलख, म्हणजे पांढऱ्यावर मोठे तांबूस ठिपके असलेला, आणि अंगाने लहानखुरा. हार्ट उंचपुरे गृहस्थ, त्यामुळे त्यांचे पाय पार खाली लोंबत. तरी नदीत उडी घेताना फ्रिट्झ कच खात नसे. १९३८ मध्ये तो गेला. न्यूहॉलला हार्ट यांच्या रँचवर त्याला पुरलंय. ती जागा आता सार्वजनिक उद्यान आहे.

अबलख घोड्याची एक अडचण सांगतो. त्याला जोडीदार मिळत नाही. सोनेरी किंवा तांबूस घोड्याच्या जागी दुसरा उभा केला, एखाद्या पायाला रंग फासला, की भागतं. ठिपके मात्र कुणाचे कुणाशी जुळत नाहीत. म्हणून १९२४ च्या एका चित्रपटात फ्रिट्झसह कड्यावरून कोसळायचा प्रसंग आला, तेव्हा हार्टनी हुबेहूब बनावट फ्रिट्झ करून घेतला. ते कोसळणं इतकं खरं वाटलं की चित्रपटधंद्यावर देखरेख ठेवणाऱ्या विल हेज यांच्यापुढे जाऊन हार्टना खुलासा करावा लागला.

हे घोडे गोळी लागल्यासारखे कोसळतात तेव्हा त्यांना इजा होत नाही का? माझी नात दर वेळी डोळे झाकून घेते.

नातीचं बरोबर आहे. निदान १९४० च्या आधीचे चित्रपट असतील तर झाकू द्या.

तेव्हा ‘रनिंग डब्ल्यू’ नावाची युक्ती चालायची. घोड्याच्या पुढच्या दोन्ही पायांना पट्टे बांधायचे. त्यांना जोडलेली बारीक तार तंगाजवळच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याजवळच्या, कडीतून ओवून मागे न्यायची आणि तिचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंटाला बांधायचं. घोडा चौखूर सुटतो, तार संपते, पुढचे पाय एकाएकी पोटाखाली ओढले जातात आणि तो नाकावर आपटतो. स्वाराला हा क्षण कधी येणार ते ठाऊक असे, घोड्याला नसे. पुढच्या पायाचं हाड पळत्या घोड्याच्या अंगाखाली सापडलं की काय होतं हे मी लिहीत नाही. तुटलेल्या पायाचा घोडा त्या काळी वाचत नव्हता एवढं पुरे. १९३६ च्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये या तारांनी घोडे मेले. मग १९३९ चा ‘जेसी जेम्स’ आला. त्यात स्वारासकट घोडा उंच कड्यावरून पाण्यात पडतो. स्वार पोहून बाहेर आला. घोडा मेला. त्यावर एवढा गदारोळ झाला की १९४० मध्ये अमेरिकन ह्यूमेन असोसिएशन या प्राणिरक्षक संस्थेचा माणूस चित्रणाच्या जागी हजर राहू लागला.

पुढच्या काळातलं पडणं ही शिकवलेली कसब आहे. तुमच्या नातीला नेमकं काय बघायचं ते सांगा. स्वार एका बाजूचा लगाम आखूड धरतो आणि पडायच्या क्षणी घोड्याचं तोंड स्वतःच्या गुडघ्याकडे वळवून आणतो. तोंड वळलं की घोडा तोल जाऊन कुशीवर ढळतो, पुढे आपटत नाही. जिथे पडायचं ती जमीन आधी खणून, मऊ करून, वर वाळू पसरलेली असते. ज्या कुशीवर घोडा पडणार त्या बाजूची रिकीब स्वाराने आधीच सोडलेली असते. त्याचा पाय मोकळा दिसला की समजा, हे ठरलेलं पडणं आहे. आणि शेवटी घोडा उठून अंग झटकतो का ते बघा. पण संकलक ते हमखास कापतात, कारण मेलेला घोडा उठून चालायला लागला तर गोष्टीचं काय व्हायचं!

सगळं तिथून सुतासारखं सरळ झालं असं मात्र नाही. १९६६ नंतर ही देखरेख ढिली पडली आणि १९८० च्या ‘हेवन्स गेट’मध्ये पुन्हा जनावरं मेली. तेव्हा कुठे नियम नव्याने आवळले गेले.

लोन रेंजरच्या सिल्व्हरसारखे शुभ्र घोडे नायकांनाच का मिळतात?

मुखवटेवाल्या लोन रेंजरची दूरचित्रवाणी मालिका १९४९ ते १९५७ मधली, बरीचशी कृष्णधवल. धुरळ्यात पंधरा स्वार दौडत असताना आपला माणूस कोणता हे लहान मुलालाही कळायला हवं. पांढऱ्या घोड्याने ते काम चोख होतं. त्याआधी १९३३ पासून डेट्रॉइटच्या रेडिओ केंद्रावर सिल्व्हर नुसता टापांच्या आवाजावर चालला होता, तिथे रंगाचा प्रश्नच नव्हता.

बाकी ‘शुभ्र’ दिसणारे बहुतेक घोडे जन्मतः गडद असतात. शिंगरू काळं किंवा तांबूस जन्मतं, दरवर्षी थोडं थोडं पांढरं होत जातं आणि केस पांढरे झाले तरी खालची कातडी काळीच राहते. नाकपुड्यांभोवती बघा, लगेच दिसेल.

डॉक्टरकाका, टीव्ही मालिकेतला बोलका घोडा मिस्टर एड बोलायचा कसा? बाबा म्हणतात, त्याला शेंगदाण्याचं लोणी चाटवायचे.

बाबांना सांग, ती थाप आहे, आणि खुद्द त्याच्याबरोबर काम करणाऱ्या अ‍ॅलन यंग यांनीच मारलेली! वरच्या ओठाखाली मऊ नायलॉनचा दोरा असे, तो शिक्षक लेस हिल्टन हलकेच ओढायचे. काही काळाने एड इतका तयार झाला की खुराला हात लावला तरी ओठ हलवायचा. घोड्याचा वरचा ओठ आपल्या बोटांइतका चपळ असतो, हे दाणे निवडून खाणारा घोडा पाहिला की कळतं. ही मालिका वेस्टर्न नव्हे, पण एडचा आवाज होता अ‍ॅलन ‘रॉकी’ लेन यांचा. ते स्वतः वेस्टर्नचे नायक होते आणि ब्लॅक जॅक या आपल्या घोड्यावरून कितीतरी बदमाशांचा पाठलाग त्यांनी केला होता. आवाजाबद्दल पडद्यावर त्यांचं नाव मात्र येत नसे.

एकच घोडा निवडायचा झाला तर तुम्ही कोणता निवडाल? ट्रिगर म्हणू नका.

नाहीच म्हणणार. माझा घोडा पाई.

नट जेम्स स्टुअर्ट यांनी १९५० च्या ‘विंचेस्टर ’७३’पासून सुमारे वीस वर्षं त्याच्यावर रपेट केली. तांबूस रंग, कपाळावरून खाली उतरलेला पांढरा पट्टा, अंगाने बेताचाच. पोस्टरवर त्याचं नाव नसे. खुद्द स्टुअर्टच्या मालकीचाही तो नव्हता. मालकीण स्टीव्ही मायर्स, त्यांनी तो कधी विकला नाही. इतरांना तो दाद देत नसे. ग्लेन फोर्डना घेऊन तो थेट झाडावर गेला, असं स्टुअर्ट सांगत.

‘द फार कंट्री’ मिळाला तर शेवट बघा. रात्रीची वेळ, नायक जखमी, रस्त्याच्या टोकाला मारेकरी दबा धरून बसलेले. त्यांना चकवण्यासाठी स्वाराविना घोडा रस्त्याने चालत जायचाय, खोगिरावरची घंटा वाजवत. लगाम धरायला कुणी नाही, चौकटीबाहेरून हाकारायलाही कुणी नाही. स्टुअर्ट त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि पाई एका दमात चालत गेला. त्याच्या चालीकडे बघा. तो दुडकीवर येत नाही, कडेच्या सावल्यांना बिचकत नाही, मध्येच थांबून मागे वळून बघत नाही. दिव्यांच्या झोतात आणि माणसांच्या गराड्यात एकट्या घोड्याकडून एवढं करून घेणं कसरतींपेक्षा कितीतरी अवघड आहे. घोडा कळपातला प्राणी, एकटं पुढे जाणं त्याच्या रक्तातच नाही.

‘द शायेन सोशल क्लब’चं चित्रण सांता फेजवळ चाललं होतं, तेव्हा पाई म्हातारा झाला होता. तिथल्या उंचीवरची विरळ हवा त्याला मानवेना आणि त्याला काम करता आलं नाही. सहनायक होते हेन्री फोंडा, स्टुअर्टचे जुने मित्र. सुट्टीच्या दिवशी त्यांनी पाईची रेखाटनं केली, मग जलरंगात चित्र काढून ते स्टुअर्टना भेट दिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाई गेला. चित्र स्टुअर्टनी घरात लावून ठेवलं होतं.