घर लेआऊटमध्ये, मोहल्ला गाडीत

"ताई, घरी आले का हे तोंडातून शब्द काढत नाही."

हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता समुपदेशनाला आलेल्या बाईनं खुर्ची ओढली तरी मला कळतं, ही अप-डाऊनवाल्याची बायको. नागपूर-वर्धा लाईनवर बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, सेलू रोड, कुठंही उतरा, स्टेशनच्या मागं कालपर्यंत जिथं पऱ्हाटी होती तिथं आज लेआऊट पडलंय. ड्रायपोर्ट म्हणजे कंटेनरचा डेपो येणार, समृद्धी महामार्ग जवळून गेला, भाव वाढतील असं ऐकून लोकांनी प्लॉट घेतले, नागपुरात घर परवडत नाही म्हणून इथं बांधलं आणि नोकरीला रोज गाडीनं नागपूर. घर छानच होतं हो, स्लॅबचं, पुढं गेट, आत बोअर. आणि मग वर्ष-दीड वर्षात बाई माझ्याकडे येते. एकीचंच सांगते, ओळख पटू नये म्हणून चार गोष्टी बदलल्यात.

तिला इथं सोनूची आई म्हणते. लेआऊटमध्येही तिला कोणी नावानं ओळखत नव्हतंच. लग्नानंतर सहा वर्षं ती गावात, सासू-जावांच्या घरात राहिली, तिथं रोज भांडण, रोज रडारड, आपलं वेगळं घर पाहिजे हा एकच धोशा. ते झालं. आता म्हणते, "घर खायले उठते ताई." नवरा सकाळी सातला निघतो, रात्री नऊला येतो. पोरगी अकराला शाळेच्या ऑटोत बसते, चारला येते. मधले पाच तास ती, पंखा आणि समोरच्या रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत. काळ्या मातीत भराव नीट दबला नव्हता म्हणून हॉलच्या भिंतीला भेग गेली होती, ती रोज किती वाढली ते ती बोट लावून पाहायची. हे तिनं सहज सांगितलं आणि मी पेन खाली ठेवला.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वेळेस मी तेच सांगितलं जे सगळे सांगतात. रोज अर्धा तास दोघं बसा, मोबाईल बाजूला, मनातलं बोला. पंधरा दिवसांनी तिनं हिशोब दिला, तीन दिवस बसलो, पहिल्या दिवशी बोललो हप्त्यावर, दुसऱ्या दिवशी यांच्या आईनं काय म्हटलं त्यावर, तिसऱ्या दिवशी हे बसल्या बसल्या झोपले. सल्ला चुकीचा नव्हता, पण दुखतंय कुठं ते न पाहताच मलम लावलं होतं. मी कागदावर साधं गणित मांडलं. तो १४ तास बाहेर, ७ तास झोप, उरले ३, त्यात आंघोळ, जेवण, पोरगीचा अभ्यास आला. आणि हिचे पाच तास गुणिले शाळेचे सहा दिवस, म्हणजे आठवड्याला ३० तास एकटीचे. हे ३० तास त्या तीनात कुठून बसणार?

मग नवऱ्याला बोलावलं. आला एका रविवारी, तोंड पाडून. नवरे असेच येतात, जसं काही ठाण्यात बोलावलंय.

"मॅडम, मी दारू पितो काय? पगार पुरा हिच्या हातात देतो. आनखी काय पाहिजे?"

मी त्याला संसाराचं काहीच विचारलं नाही. म्हटलं, "भाऊ, गाडीत बसायला जागा भेटते का हो?"

तुम्हाला सांगते, माणूस खुर्चीत सरळच झाला. "जागेचं टेन्शन नाही मॅडम! आपला डबा फिक्स आहे न, इंजिनपासून तिसरा." आणि मग वीस मिनिटं तो थांबला नाही. मागून येणाऱ्यांसाठी रुमाल टाकून जागा कोण धरतं, गुडघ्यावर बॅग आडवी ठेवून पत्ते कसे रंगतात, शनिवारी कोणाच्या डब्यात सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, असते, कोळशाच्या मालगाडीसाठी पॅसेंजर साईडला टाकली की स्टेशनवर उतरून चहा कोण पाजतं. एक साहेब रिटायर झाले तर डब्यातच हार घातला, पेढे वाटले. आणि शेवटी, जरा हळू आवाजात, "मागच्या वर्षी बाबा भरती होते तवा डब्यातल्या पोरांनी दोन दिवसांत पंचवीस हजार जमवून देल्ले. एकानं लिहून नाही घेतलं."

बायको त्याच्याकडे पाहतच होती. "हे तुम्ही मले सांगतलं नाही."

"तू विचारलं कधी?"

ती गप्प बसली. मीही बसले, आणि ही गोष्ट मी वीस वर्षांत शिकलेय, अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवावं, कितीही जीभ वळवळली तरी. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत कोणी बोललं नाही. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, यांले मोहल्ला आहे. मलेच नाही."

मी तिला दाद दिली. माझ्याकडच्या जाड पुस्तकांत हे इतक्या सोप्या शब्दांत नाही. तोवर मीही समजत होते की हा माणूस अबोल आहे. अबोल कसला, दिवसभराचं बोलणं त्याचं सकाळ-संध्याकाळ डब्यात होऊन जायचं, घरी यायचा तेव्हा पोतं रिकामं. त्याचा शेजार रुळावर चालत होता आणि तिचा शेजार गावात राहिला होता, भांडखोर का असेना पण होता. मग तो अख्खा गाव, ती जाऊ, हापशीवरच्या बाया, सगळं ती रात्री नऊला एका दमलेल्या माणसाकडून मागत होती.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या शाळेतली, म्हणजे दुखणं परिस्थितीपेक्षा आपल्या "पाहिजेच"मध्ये जास्त असतं असं मानणारी. नवरा बोलावा असं वाटणं रास्त आहे, वाटायलाच पाहिजे. पण यानंच बोललं पाहिजे, आत्ताच, आणि नाही बोलला तर माझी किंमत शून्य, हे आपण मनात घातलेलं असतं. ते काढता येतं. तिला मी विचारलं, गावात तुझा नवरा किती बोलायचा? ती हसली. "तवाई नाही बोलत होते. पण तवा ध्यान नव्हतं न."

मग प्रश्न उरला शेजाराचा. ती म्हणाली, लेआऊटमध्ये कोणी कोणाकडे जात नाही, सगळ्यांच्या गेटला कुलूप. माझ्या मते याचं कारण माणसं घमेंडी झाली हे नाही. इथं कोणाला कोणाचं काही लागतच नाही. घरी बोअर, घरी मिक्सर, घरी फ्रीज. गावात विरजण, माचीस, चाळणी, काहीतरी मागायला रोज कोणीतरी दारात उभं असायचं आणि जाता जाता दोन गोष्टी बोलून जायचं. शेजार मागण्यातून होतो. आपण उलटं करतो, ओळख व्हावी म्हणून वाटायला जातो, घेणाऱ्याला ओझं होतं. तिला सांगितलं, उद्या कोणाकडे तरी विरजण मागायला जा.

"फ्रीजमध्ये दही आहे न ताई माझ्या."

"असू दे. जा."

ती तीन दिवस गेली नाही. चौथ्या दिवशी दुपारी स्टीलची वाटी घेऊन दोन प्लॉट सोडून असलेल्या घरासमोर उभी राहिली. आतल्या बाईनं पडदा सरकवला आणि कुलूप न काढताच विचारलं, "काय विकायले आणलं?" हे सांगताना ती एवढी हसली की डोळ्यातून पाणी आलं. विरजण गेटच्या सळ्यांमधूनच मिळालं. नंतर त्या घरची वाटी हिच्याकडे आली, ती रिकामी परत कशी करायची, म्हणून जवसाची चटणी घालून पाठवली. मग तिकडून काहीतरी आलं. वाटी अशी फिरत राहिली. आणि चार-पाच खेपांनी कळलं की त्या बाईचा नवराही इंजिनपासून तिसऱ्या डब्यातच बसतो. दोघं सहा वर्षांपासून पत्ते खेळतात, संध्याकाळी स्टेशनवर उतरले की "चला, उद्या" म्हणून आपापली गाडी काढतात. बायका दोनशे फुटांवर एकेकट्या बसल्या होत्या!

अशा घरच्यांना माझं सांगणं आहे. माणूस घरात शिरल्या शिरल्या तक्रार मांडू नका, त्याला हातपाय धुऊ द्या, आणि पहिला प्रश्न गाडीचा विचारा, आज डब्यात काय झालं. भाऊ लोकांनो, डब्यातली एक तरी गोष्ट घरी आणत जा, आणि डब्यातल्या मित्राला महिन्यातून एकदा सहकुटुंब जेवायला बोलवा. प्लॉट पाहायला जाल तेव्हा नाली, रस्ता, एनए पाहताच, तसं दुपारी दोनला जाऊन पाहा, त्या वेळेला तिथं माणूस दिसतं का.

आणि एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप नाही, भूक नाही, रोज रडू येतं, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर ते विरजणानं जाणारं दुखणं नाही, डॉक्टरांकडे जा. जाणं जमत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सोनूची आई नंतर यायची बंद झाली. पोळ्यानंतर एकदा त्याचाच फोन आला, आवाज जरा चिडका.

"मॅडम, काल नऊ वाजता घरी आलो तं गेटले कुलूप. चाबीसाठी तीन घरं हिंडलो मी. तिथं भुलाबाईच्या गाण्यांची तयारी चालू होती म्हणे."

मी म्हटलं, "मग भाऊ, दुसरी चाबी बनवून घ्या."